पट अडतीस, हजर एकोणचाळीस

तापकीरबाई व्हिडिओशी भांडायच्या. म्हणजे व्हिडिओवरून कुणाशी नव्हे, थेट व्हिडिओशीच. आमच्या शाळेला एका कंपनीनं भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही दिला, वरून गणिताचं ॲप आलं, आणि त्या ॲपमध्ये गुलाबी साडी नेसलेली एक बाई होती. ती चौथीच्या पोरांना बेरजेपासून अपूर्णांकापर्यंत सगळं गोड आवाजात शिकवायची. चौथीचा वर्ग तापकीरबाईंचा. एका वर्गात दोन बाया म्हटल्यावर खटके उडणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक. शाळा चाकण पट्ट्यातली, गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून सात वर्षं नोकरी करायची आहे. महाळुंग्याकडून येणारे कंटेनर आमच्या फाटकावरून जातात, त्यामुळे प्रार्थनासुद्धा दोन हॉर्नच्या मध्ये जेवढी मावेल तेवढी म्हणावी लागते. स्वभावानं मी भित्रा माणूस. वरून पत्र आलं की मी आधी खुर्चीत बसून घेतो, मग ते पत्र वृक्षारोपणाचं का असेना. बायको म्हणते, तुम्ही मुख्याध्यापक कसे झालात तेच कळत नाही. मलाही नाही कळत. सेवाज्येष्ठतेनं झालो, दुसरं काय.

बाईंना भीती हा प्रकार माहीत नव्हता. चऱ्होलीचं जुनं घराणं, एकेकाळी ज्वारी पिकायची तिथं आता बारा मजली इमारती, घरी आरामात बसून राहता आलं असतं. पण बाई रोज आळंदीवरून स्कूटी हाकत यायच्या आणि घंटेच्या आधी दहा मिनिटं वर्गात असायच्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या. राग आला की मात्र सरळ चऱ्होलीवर यायच्या. बाई 'नाही' म्हणाल्या तर थोडी चर्चा करता येई. 'न्हाई' म्हणाल्या की विषय संपला, हे शाळेतल्या शिपायापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

तर ते भांडण. बाई टीव्ही लावायच्या, गुलाबी बाई बोलायला लागायची, आणि दहा सेकंद झाले की तापकीरबाई रिमोट दाबून तिला थांबवायच्या. ती बिचारी तोंड उघडं ठेवून भिंतीवर लटकून राहायची. "ही आत्ता काय म्हणाली? हातचा एक. कुठून आला हातचा? सांगितलं का तिनं?" पोरं एका सुरात नाही म्हणायची. मग बाई म्हणायच्या, विचारा तिला. आणि अडतीस पोरं खरोखर टीव्हीला विचारायची, हातचा कुठून आला म्हणून. टीव्ही गप्प. मग बाई खडू उचलायच्या आणि म्हणायच्या, तिला पण माहीत नाही बरं का, चला आपण शोधू. पोरांना हा खेळ इतका आवडायचा की शेजारच्या तिसरीतली पोरं खिडकीशी गोळा व्हायची.

मला बरेच महिने वाटत होतं की बाईंना त्या टीव्हीचा तिटकारा आहे. तसं नव्हतं. एकदा त्यांची दोनशे पानी वही टेबलावर राहिली, ती मी चाळली. (चाळायला नको होती, पण चाळली.) ॲपमधला एकूण एक धडा त्यांनी घरी तीन-तीनदा बघितला होता, आणि गुलाबी बाई कुठं पायरी गाळते, कुठं पोरांचं डोकं अडकेल, ते मिनिट-सेकंदासकट लिहून ठेवलं होतं. मी वही परत देताना म्हणालो, बाई, एवढी मेहनत घेता आणि वर तिला शिव्या घालता. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, एक गोष्ट तिच्याकडून शिकण्यासारखी आहे. पोरगं शंभर वेळा चुकलं तरी ती त्याच आवाजात 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते. मला पाचव्या वेळी राग येतो. चौतीस वर्षं झाली, अजून येतो." एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या.

आता आमच्याकडची खरी अडचण ऐका. घरचा अभ्यास ॲपवर करायचा, म्हणजे फोन पाहिजे. आमची पोरं लातूर, बीड, जालना, कुठकुठून पोटासाठी आलेल्यांची. घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात. बाप कंपनीत. आणि कंपनीत शिफ्ट. त्यामुळे पोरगं किती हुशार आहे यापेक्षा बाप या आठवड्यात कितव्या शिफ्टला आहे यावर त्याचं गणित अवलंबून. मी यावर वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागवायचं म्हणत होतो. बाईंनी तेवढ्यात भिंतीवर तक्ता लावला. फर्स्ट, सेकंड, थर्ड, जनरल, असे चार रकाने, खाली पोरांची नावं चिमट्यांनी अडकवलेली. दर सोमवारी चिमटे इकडचे तिकडे. सेकंडवाल्यांना अभ्यास सकाळी, फर्स्टवाल्यांना संध्याकाळी, थर्डवाल्यांनी बाप झोपलेला असताना गुपचूप फोन घ्यायचा आणि आवाज बंद ठेवायचा. जनरलवाले लाडके, त्यांचा बाप रोज संध्याकाळी घरी.

टीव्ही देणाऱ्या कंपनीचे एक साहेब पाहणीला आले होते. त्यांनी कौतुकानं एका पोराला विचारलं, बाळ कितवीत तू? पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, चौथी, थर्ड शिफ्ट. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मला व्हरांड्यात घेऊन हळूच विचारलं की ही मुलं नेमकी कुठल्या कंपनीत जातात. मी पंधरा मिनिटं समजावलं, घाम फुटला मला. बाई आत शांतपणे पाढे घेत होत्या.

दिवाळी झाली आणि भागाकार सुरू झाला. ॲपवर कोण किती पुढं गेलं ते दिसायचं. सगळ्यांत पुढं वैष्णवी. लातूरकडची मुलगी, बोलायला मोजकी, वेण्या घट्ट. भागाकाराचे सगळे धडे पूर्ण, सगळ्या चांदण्या तिच्याच. बाईंनी तिला कौतुकानं फळ्याशी बोलावलं आणि शहाण्णव भागिले चार घातलं. पोरगी खडू धरून उभी. दोन मिनिटं गेली. मग मान खाली घालून म्हणाली, "बाई, मला नाही येत. पप्पांना येतं."

दुसऱ्या दिवशी पप्पा हजर. संतोष नाव, पस्तिशीचा, ठेकेदाराकडून एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करतात तिथं, लागलेला, सेकंडला जायच्या आधी युनिफॉर्म घालूनच आलेला. खुर्च्या फक्त माझ्या खोलीत असल्यामुळे ही भेट माझ्यासमोर झाली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला होता. कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, जायची परीक्षा असते, पास झालं की ठेकेदार सुटतो आणि माणूस कायम होतो. एकदा दिली होती, नापास झाला, कारण त्यात भागाकार आणि अपूर्णांक. सातवीपर्यंत शाळा शिकला, पण भागाकार तेव्हाच चुकला तो चुकलाच. पोरीचा अभ्यास बघावा म्हणून कंपनीच्या बसमध्ये ॲप उघडलं आणि त्या गुलाबी बाईनं सांगितलेलं त्याला समजायला लागलं. मग थांबवेना. "बसमधी लेकराचा अभ्यास हाय म्हणून सांगायलो होतो," तो म्हणाला. "माझा हाय म्हणायला लाज वाटती बाई."

मला वाटलं आता बाई त्याची बिनपाण्यानं करणार. बाईंनी त्याच्या फोनवरच्या चांदण्या मोजल्या. मग म्हणाल्या, "लेकीचा भागाकार तुमी खाल्लाय."

आणि खरंच खाल्ला होता. ते ॲप असं की विद्यार्थ्याच्या खात्यात एकदा सोडवलेला धडा पुन्हा उघडत नाही. पोरीनं बघावा तर धडा बंद, बाप पुढं निघून गेलेला. संतोषनं कानाला हात लावले, पुन्हा फोनला शिवणार नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, फोन सोडायचा नाही, तुम्हाला वेगळं खातं पाहिजे.

मी तिथंच त्यांना अडवायला हवं होतं. पण मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल. बाईंनी दुपारी ॲप उघडलं, वैष्णवीचं खातं पुसून पहिल्यापासून सुरू केलं आणि नवीन विद्यार्थी घातला. नाव संतोष, इयत्ता चौथी, क्रमांक एकोणचाळीस. ॲपनं जन्मतारीख मागितली. बाईंनी खरी घातली. ॲप म्हणालं, वय योग्य नाही. बाईंनी पुन्हा खरी घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही खरीच घातली, आणि मग चिडून त्याला नऊ वर्षांचा केला. ॲपनं लगेच टाळ्या वाजवून त्याचं स्वागत केलं.

मग काय विचारता. तक्त्यावर सेकंडच्या रकान्यात एकोणचाळिसावा चिमटा लागला. संतोष बसमधून आवाजाचे निरोप पाठवायचा, बाई मधल्या सुट्टीत डबा खाताना ते मोठ्यानं लावायच्या. मागं हॉर्न, गाण्यांचा गोंगाट, आणि हा घाबऱ्या आवाजात विचारतोय की बाई, बाकी उरली तर तिचं काय करायचं. सुरुवातीला मागं लोक हसायचे. पंधरा दिवसांनी हसणं बंद झालं आणि मागून कोणीतरी उत्तरं सांगायला लागलं, तीही चुकीची. बाई घास खाली ठेवून निरोप रेकॉर्ड करायच्या, संतोष, हातचा विसरलात, आणि तुमच्या मागच्याला म्हणावं गप्प बस. वर्गात पोरं चौकशी करायची, एकोणचाळीसचा अभ्यास झाला का. वैष्णवीला तर ईर्ष्याच चढली. ती शून्यापासून निघाली होती, पण महिन्याभरात बापाच्या दोन धडे पुढं. बाप घरी गेला की तिला विचारायचा म्हणे, आणि ती बाईंच्याच आवाजात झापायची.

हे सगळं मला गोड वाटत होतं, पत्र येईपर्यंत. ॲपवर विद्यार्थी एकोणचाळीस, हजेरीपटावर अडतीस, खुलासा करावा, विस्तार अधिकारी गुरुवारी भेट देतील. जादा नाव म्हणजे बोगस विद्यार्थी. बोगस विद्यार्थी म्हणजे त्याच्या नावाचा पोषण आहाराचा तांदूळ कुणी खाल्ला, ही चौकशी. मी धावत चौथीत गेलो आणि बाईंना म्हणालो, आत्ताच्या आत्ता नाव काढा.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "रविवारी परीक्षा हाय त्याची. अपूर्णांकाचं चार धडं राह्यल्यात. नाव काढलं की धडं बंद."

मी हात जोडले. म्हटलं, बाई, एप्रिलअखेर तुम्ही निवृत्त होताय. शेरेबुकात, म्हणजे तपासणीला आलेले साहेब ज्यात अभिप्राय लिहितात त्या वहीत, चौतीस वर्षांत सहा शाळांमध्ये तुमच्या नावापुढं एक वाकडा शब्द नाही. आता एक शेरा पडला तर चौकशी लागेल, निवृत्तीचे कागद अडकतील, जाता जाता नाव खराब होईल. आणि कुणासाठी, तर जो आपला विद्यार्थीसुद्धा नाही त्याच्यासाठी. बाई म्हणाल्या, सगळं माहीत आहे मला. वाईट त्यांनाही वाटत होतं, उगाच कशाला खोटं बोलू. त्या शेरेबुकांचा त्यांना फार अभिमान होता, पाहुण्यांना सांगायच्या. पण नाव काढलं नाही.

बुधवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी स्वतः ते नाव काढायला बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाईंचा पासवर्ड मला ठाऊक नव्हता. त्यांच्या मुलाचं नाव घातलं, गावाचं घातलं, स्कूटीचा नंबर घातला. गुलाबी बाई प्रत्येक वेळी हसून म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. सहाव्यांदा मी शाळेचा टॅब बंद केला आणि घरी गेलो.

गुरुवारी तीनच्या सुमाराला विस्तार अधिकारी आले. गोरेपान, घामेजलेले, हातात फाइल. त्यांनी चौथीत जाऊन पोरं मोजली, अडतीस. मला विचारलं, एकोणचाळिसावा कुठं आहे? बाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हणालो, "साहेब, टायपिंगची चूक आहे. असा कोणी विद्यार्थीच नाही."

"हाय की," बाई म्हणाल्या. "या आठवड्यात फर्स्टला हाय. साडेतीनला सुटंल, चारपर्यंत येतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, जन्मतारखेसकट. खोटी का घातली विचारल्यावर म्हणाल्या, खरी तीनदा घातली होती, यंत्र घेईना. साहेब डोकं धरून बाकावर बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही. साहेब चहा घेत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला कळतं.

चारला संतोष आला. बाईंनी निरोप पाठवला होता. सेफ्टी शूज दाराशी काढले, मोजे फाटके होते म्हणून पाय चोरत आत आला आणि सवयीनं शेवटच्या रांगेत खाली बसला. साहेब त्याला काही बोलले नाहीत. उठले, फळ्यावर तीन हजार दोनशे सोळा भागिले आठ लिहिलं आणि खडू पुढं केला.

त्यानं उत्तर लिहिलं, बेचाळीस. मला उत्तर येत नव्हतं, पण बाईंची मान किंचित हलली तेव्हा समजलं की चुकलं. वैष्णवीनं वही तोंडावर धरली होती. अडतीस पोरांना चूक दिसत होती आणि एकही पोरगं बोललं नाही, त्या दिवशीचा मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचा वाटतो. संतोष फळ्याकडे बघत राहिला. मग बाजूला त्यानं बेचाळीसला आठनं गुणलं. तीनशे छत्तीस आले. "एवढं कसं येईल," असं स्वतःशीच म्हणाला. बाहीनं उत्तर पुसलं आणि पहिल्यापासून पुटपुटत निघाला. बत्तिसात आठ चार वेळा. एक खाली घेतला, एकात आठ जात नाही, मग शून्य द्यायचं. सहा घेतला, सोळा. चारशे दोन.

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. मग म्हणाले, बरोबर आहे. पोरांनी जो गलका केला त्यात कंटेनरचा हॉर्नही ऐकू आला नाही.

पण साहेब नियमाचे. ते वाईट नव्हते, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, किंबहुना जास्त केलं असतं. नाव सोमवारी काढा म्हणाले, रविवारपर्यंत राहू द्या. शेरा मात्र लिहावाच लागेल. माझ्या खोलीत बसून त्यांनी लाल शाईनं लिहिलं: चौथीच्या शिक्षिकेने ॲपच्या पटावर एका प्रौढ इसमाचे नाव खोट्या जन्मतारखेने नोंदविले, सबब ताकीद. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. चेहरा उतरला होता. मग म्हणाल्या, "साहेब, त्यास्नी भागाकार येतो, हे पण लिव्हा की."

साहेब म्हणाले, तसा रकाना नाही. आणि टोपण लावून निघून गेले.

संतोष रविवारी परीक्षेला बसला आणि पास झाला, लागत होते त्यापेक्षा एकच गुण जास्त. आता तो क्वालिटीत आहे. बाईंना मात्र मी भीत होतो तसंच झालं. तीन महिने त्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. बाई नेहमीसारख्या व्हिडिओशी भांडत राहिल्या.

शेऱ्याखाली मुख्याध्यापकानं पूर्तता लिहायची असते, म्हणजे काय कार्यवाही केली ते. मी ती टाळत होतो. बाईंच्या शेवटच्या दिवशी हार, शाल, भाषणं सगळं उरकलं आणि त्या माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, सर, माझ्या शेऱ्याची पूर्तता राहिली आहे, ती बघून जाते. मी शेरेबुक काढून दिलं. पूर्तता मी त्या सकाळीच लिहिली होती, चार वेळा खाडाखोड करून. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. सदर नाव ॲपवरून कमी केले. सदर इसमास भागाकार येतो, मी समक्ष पाहिले आहे. शिक्षिकेने साहेबांना सर्व खरे सांगितले. असा कोणी विद्यार्थी नाही, हे खोटे मुख्याध्यापकाने सांगितले होते.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, परत वाचलं. मला वाटलं आता काहीतरी चांगलं म्हणतील.

"खाली सही राह्यली सर," त्या म्हणाल्या.

सही राहिली नव्हती, मी केलीच नव्हती. लिहायचं धाडस झालं होतं, सही करायचं होत नव्हतं. म्हटलं, बाई, सही केली तर माझी चौकशी लागेल, सात वर्षं राहिली आहेत माझी. त्यावर त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. टेबलासमोर हातात पर्स धरून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि सगळ्या चौतीस वर्षांत त्यांना कधी जमलं नाही म्हणत होत्या त्या शांतपणानं वाट बघत राहिल्या. बाहेर रिक्षात शाली आणि नारळ ठेवलेले, घरची माणसं हाका मारतायत, बाई हलेनात.

मी सही केली. शिक्काही मारला, जरा तिरका बसला. बाईंनी शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, वही मिटून माझ्या हातात दिली आणि घरच्यांना रिक्षातून पुढं पाठवून स्वतः स्कूटीवर बसल्या. फाटकाबाहेर कंटेनरची रांग लागली होती. त्यांनी एक हात वर करून पहिला कंटेनर थांबवला, वळल्या आणि आळंदीच्या दिशेनं निघून गेल्या.